आधी टॅपेट, सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर: एमजीबीचं ट्यूनिंग क्रमाने

गाडी आयडलला अडखळते, पिकअपला झटके देते, कधी मागून फटाका वाजतो. अशा वेळी एमजीबीचा, म्हणजे या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा, मालक बॉनेट उघडतो आणि पहिला हात घालतो तो दोन एसयू कार्ब्युरेटरांच्या नटांना. ते समोरच असतात आणि फिरवायला सोपेही असतात. संध्याकाळपर्यंत नट इतक्या वेळा मागेपुढे होतात की मुळात कुठे होते ते कुणालाच सांगता येत नाही, आणि खरा दोष जागच्या जागी राहतो. मी पाहिलेल्या बहुतेक ‘बिघडलेल्या कार्ब्युरेटरां’चा दोष डेल्कोत, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये निघाला आहे.

या कामाला एकच क्रम आहे: टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप), प्लग आणि पॉइंट (डेल्कोत उघडझाप करून स्पार्क पाडणारे), टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ), हवेची गळती, आणि मग कार्ब्युरेटर. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग सरकतं आणि टायमिंग सरकलं की आयडल बदलतं. उलट्या क्रमाने गेलात तर आधी केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

इथले आकडे माझ्या १९६८ च्या गाडीचे आहेत: १७९८ सीसी इंजिन, दोन एचएस४ कार्ब्युरेटर, लुकासचा २५डी४ डेल्को. नंतरच्या गाड्यांत एचआयएफ४ कार्ब्युरेटर आणि ४५डी४ डेल्को आहेत, अमेरिकेला गेलेल्या १९७५ पासूनच्या गाड्यांत एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आहे. त्यांना हाच क्रम लागू आहे, आकडे मात्र आपल्या इंजिन नंबराप्रमाणे मॅन्युअलमधून घ्या. कोल्हापूर-सांगलीकडे कुणी जुन्या पेट्रोल अँबॅसॅडरचे टॅपेट लावले असतील, तर पहिला टप्पा त्यांच्या हाताला ओळखीचा वाटेल. तिचं १४८९ सीसी इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं.

## तयारी: आदल्या दिवशीची

पाने. या गाडीवर बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे इंच मापाचे, आहेत आणि पाने एएफ मापाचे (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर इंचात) लागतात. मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’, आणि तिथेच नटाचे कोपरे गोल होतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., त्यामुळे १३ चा पाना त्यावर सैलच बसणार. एएफ पान्यांचा एक बरा सेट, इंचातलं फिलर गेज, टायमिंग लाइट, १२ व्होल्टचा दोन वायरींचा टेस्ट बल्ब, कॉम्प्रेशन गेज आणि हातभर रबरी नळी एवढं जमवा. शिवाय एक वही. वहीशिवाय हे काम सुरू करू नका.

सुटे भाग. नवीन वस्तू म्हणजे चांगली वस्तू, असं या गाड्यांच्या बाबतीत धरता येत नाही. रोटर आर्म (डेल्कोत फिरून स्पार्क प्लगांना वाटणारा) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी रोखणारा) हे दोन भाग आज बाजारात फार हलक्या दर्जाचे मिळतात. वरच्या पितळी पट्टीला रिव्हेट मारलेल्या काही रोटर आर्ममध्ये स्पार्क त्या रिव्हेटमधून खाली शाफ्टवर उतरतो. गाडी थंड असताना सुरू होते आणि गरम झाली की बंद पडते. मी एका रविवारी सहा तास मिक्स्चर लावत बसलो होतो. दोष आठवड्यापूर्वी बसवलेल्या नव्या कंडेन्सरमध्ये होता. तेव्हापासून जुना चालू असलेला रोटर आर्म आणि कंडेन्सर मी डिकीत ठेवतो, फेकत नाही.

पेट्रोल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, आहे आणि भारतात आता ई२० मिळतं. इथेनॉल जुने रबरी पाइप आतून मऊ करून सोडतं, आणि त्याचे काळे कण फ्लोट चेंबरच्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात. पाइपवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं नसेल तर आधी पाइप बदला. इथेनॉलचं प्रमाण वाढलं की तेच जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारी बारीक नळी) मिक्स्चर हलकं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, देतं. म्हणून गाडी एरवी ज्या पेट्रोलवर चालवणार आहात तेच टाकीत असताना ट्यूनिंग करा.

कॉम्प्रेशन. आदल्या संध्याकाळी गाडी गरम असताना हे मोजून घ्या. चारही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. नेमका आकडा गेजनुसार बदलतो, त्यामुळे चार सिलिंडरांतला फरक पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. मात्र आवळलेल्या टॅपेटमुळेही कॉम्प्रेशन पडतं, म्हणून हेड उघडायचा निर्णय टॅपेट लावून झाल्यावरच घ्या. मग गाडी रात्रभर थंड होऊ द्या.

> सावधान: या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक आहेत. गळणारं पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर पडतं. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका, आणि पेट्रोलच्या कामाआधी सीटमागच्या बॅटरीचं कनेक्शन काढा.

## १. टॅपेट (इंजिन पूर्ण थंड)

थंड इंजिनाला गॅप ०.०१५ इंच, वर्कशॉपच्या भाषेत १५ थाऊ. प्लग काढलेलेच असू द्या. गाडी सपाट जागी चौथ्या गिअरमध्ये ठेवून हळूहळू पुढे ढकलली की इंजिन सहज फिरतं.

कोणता व्हॉल्व्ह कधी लावायचा यासाठी नऊची बेरीज लक्षात ठेवा. रेडिएटरकडून १ ते ८ मोजा. जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नऊमधून वजा करा, येईल तो व्हॉल्व्ह लावायचा. ८ दाबलेला असताना १, ६ दाबलेला असताना ३, ४ दाबलेला असताना ५, याप्रमाणे आठही.

लॉकनट अर्धा इंच एएफ पान्याने सैल करा, स्क्रू फिरवा, पट्टी किंचित ओढ देत सरकली पाहिजे. मग स्क्रू जागेवर धरून नट आवळा आणि पुन्हा मोजा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. ही दुसरी मोजणी लोक टाळतात.

दुसरी चूक दिसायला बारीक, पण महत्त्वाची. रॉकरच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या घासण्याने खळगा पडलेला असतो. रुंद पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी बसते आणि खरी गॅप मोठी असूनही १५ थाऊ दाखवते. गॅप बरोबर लावूनही टिकटिक येत असेल तर अरुंद पट्टीने मोजून पाहा. तरीही आवाज गेला नाही, तर रॉकर बदलायला आले आहेत. आवाज घालवण्यासाठी गॅप कमी करू नका, त्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

रॉकर कव्हरचे दोन नट फार आवळू नका. कव्हर वाकतं आणि ऑइल तिथूनच गळायला लागतं.

तपासणी: आठही गॅपा वहीत लिहिल्या? प्रत्येक लॉकनटावर शेवटचा हात फिरला?

## २. प्लग आणि पॉइंट

प्लग एनजीके बीपी६ईएस किंवा त्याच्या तोडीचे, गॅप २५ थाऊ. काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. एकच काळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा, दोन शेजारचे काळे असतील तर त्यांना पेट्रोल देणाऱ्या कार्ब्युरेटरचा.

पॉइंटची गॅप १४ ते १६ थाऊ. मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या अगदी उंचवट्यावर हवी. थोडी अलीकडे-पलीकडे असली तरी माप खोटं येतं. नव्या पॉइंटच्या तोंडाला गंज लागू नये म्हणून लावलेला तेलकट थर असतो, तो स्वच्छ फडक्याने आणि थोड्या पेट्रोलने पुसून घ्या.

आता ज्यामुळे सर्वाधिक गाड्या रस्त्याच्या कडेला थांबतात ती जागा. पॉइंटच्या खुंटीवर दोन वायरींची टोकं बसतात, एक कंडेन्सरची आणि एक बाहेरून येणारी. ही दोन्ही टोकं पॉइंटच्या स्प्रिंगला टेकली पाहिजेत आणि खुंटीपासून प्लास्टिकच्या टोपीने वेगळी राहिली पाहिजेत. टोपीचा क्रम चुकला, एखादं टोक खुंटीला किंवा प्लेटला लागलं, की करंट सरळ अर्थ होतो आणि स्पार्क येतच नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

कॅमला ग्रीसचं बोट ओझरतं लावा, रोटर आर्मखाली दोन थेंब ऑइल. जास्त झालं की ते पॉइंटवर उडतं.

रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा.

तपासणी: व्हॅक्यूमचा पाइप कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा. डेल्कोतली प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर तिथेच थांबली पाहिजे. परत आली तर व्हॅक्यूम युनिटचा पडदा फाटला आहे.

## ३. टायमिंग

आधी स्थिर टायमिंग. माझ्या इंजिनाला ते टी.डी.सी.च्या (पिस्टन अगदी वर पोचतो त्या जागेच्या) १० अंश आधी आहे. पुलीवर एक खाच आणि टायमिंग कव्हरवर काटे असतात. सर्वांत लांब काटा टी.डी.सी.चा, बाकीचे ५ आणि १० अंशांचे. या काळातल्या इंजिनांवर ते पुलीच्या खालच्या बाजूला आहेत आणि तेलाच्या थराखाली दिसतच नाहीत. घासून पुसून खाचेत पांढरा रंग भरा. पाच मिनिटांचं काम, पण पुढचा तासभर वाचतो.

टेस्ट बल्बची एक वायर डेल्कोच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी अर्थला. पहिल्या सिलिंडरची कॉम्प्रेशनची पाळी आहे ना ते पाहा, म्हणजे रोटर पहिल्या प्लगच्या वायरीकडे रोखलेला हवा. इग्निशन चालू करा आणि गाडी ढकलत खाच १० अंशांवर आणा. पॉइंट उघडले की बल्ब लागतो. तो नेमका याच क्षणी लागेल असा डेल्को फिरवून क्लॅम्प आवळा.

खाच काट्याच्या पुढे गेली तर इंजिन नुसतं उलटं आणून थांबवू नका. बरंच मागे न्या आणि पुन्हा चालत्या दिशेने या. चेन आणि गिअरमधला ढिलेपणा नाहीतर तुमच्या मापात शिरतो.

> सावधान: पॉइंट मिटलेले असताना इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका. कॉइल तापून निकामी होते.

इंजिन सुरू झालं की टायमिंग लाइटने तपासा. व्हॅक्यूम पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. ६०० आरपीएमला १४ अंश हवेत. आयडल याहून जास्त असेल तर डेल्कोतली वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं उघडायला लागतात आणि आकडा फुगलेला दिसतो. मग लोक टायमिंग मागे घेतात आणि गाडी मंदावते. म्हणून लाइट धरण्याआधी आयडल खाली आणा.

बारीक फरकासाठी क्लॅम्प सैल करायची गरज नाही. २५डी४ ला व्हॅक्यूम युनिटजवळ दातेरी नट आहे. त्याचे ११ टिक म्हणजे एक अंश. नटाजवळच्या ‘ए’ खुणेकडे ॲडव्हान्स (स्पार्क लवकर), ‘आर’ कडे रिटार्ड (स्पार्क उशिरा).

पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी आहे. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दाबून चालवताना खडखड नॉकिंग ऐकू आलं तर दोन अंश मागे घ्या आणि पुन्हा त्याच चढावर जा.

## ४. हवेची गळती

इंजिन आयडलला ठेवा. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडांवरून सावकाश फिरवा: कार्ब्युरेटरच्या फ्लँजवर, मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या जोडावर, व्हॅक्यूमच्या तोटीपाशी. गळती असेल तिथे फुस्स असा आवाज वाढतो. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायचा सल्ला सगळीकडे मिळतो. खाली लाल होणारा एक्झॉस्ट असलेल्या या इंजिनावर मी तो कधीही देणार नाही.

थ्रॉटलचा शाफ्ट वरखाली हलवून पाहा. खेळ जाणवला आणि हलवताना आयडल बदललं, तर बॉडीला बुश बसवल्याशिवाय दोन्ही बाजूंचं आयडल कधीच जुळणार नाही. मॅनिफोल्डवर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ मॅनिफोल्डमध्ये ओढणारा) असलेल्या गाडीत ऑइलचं झाकण उघडून पाहा. आयडल किंचित वाढलं तर व्हॉल्व्ह ठीक.

तपासणी: इथवर येईपर्यंत आयडलचे स्क्रू सोडले तर कार्ब्युरेटरचं काहीच फिरवलेलं नाही ना? आता गाडी पाच-सहा मैल फिरवून आणा. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त गाड्यांचं काम इथेच संपतं.

## ५. कार्ब्युरेटरची सफाई आणि जेट मधोमध आणणे

डॅशपॉट (कार्ब्युरेटरच्या वरची घुमटासारखी टोपी) काढण्याआधी त्यावर आणि बॉडीवर खूण करा. डॅशपॉट आणि आतला पिस्टन ही जोडी एकमेकांसाठी बेतलेली असते. पुढचा पिस्टन मागच्यात घातला की तो अडकतो किंवा हवा सोडतो. दोन्ही पेट्रोलने धुवा. पॉलिश पेपर अजिबात नको. आतल्या भिंतीला ऑइल लावायचं नाही, फक्त मधल्या दांड्याला एक थेंब. दोन्ही सुयांवरचा (पिस्टनला खाली लावलेल्या, जेटमध्ये वरखाली होणाऱ्या) कोड एकच असला पाहिजे आणि सुईचा खांदा पिस्टनच्या तळाशी समतल.

फ्लोट चेंबरचं झाकण उलटं धरा. फ्लोट आणि झाकण यांच्यात ३ ते ५ मि.मी. अंतर हवं. १/८ इंची ड्रिल बिट आडवा घालून मोजता येतं.

सगळं जोडून पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. ‘टक’ असा धातूचा आवाज आला पाहिजे. तो नाही आला तर सुई जेटला घासते आहे. जेटचा लिंक सोडवा, मिक्स्चरचा नट काढून त्याची स्प्रिंग बाजूला ठेवा आणि नट स्प्रिंगशिवाय पूर्ण वर चढवा. आता जेटची मोठी लॉकनट अर्धा फेरा सैल करा, वरून पेन्सिलीने पिस्टनचा दांडा खाली दाबून धरा आणि तसंच धरून लॉकनट आवळा. जेट वर असताना आणि पूर्ण खाली ओढलेलं असताना दोन्ही वेळा सारखाच ‘टक’ आला की झालं. स्प्रिंगवर बसणाऱ्या नंतरच्या सुयांना हे करावं लागत नाही.

डॅम्परमध्ये एसएई २० ऑइल. झाकणाचे आटे डॅशपॉटच्या वर साधारण ६ मि.मी. असताना दाब जाणवला तर पातळी बरोबर.

## ६. दोन्ही कार्ब्युरेटरांची हवा जुळवणे

गाडी पूर्ण गरम करून आणा, एअर फिल्टर काढा. दोन थ्रॉटल शाफ्ट जोडणारे क्लॅम्प सैल करा. हे विसरलात तर एक स्क्रू फिरवताना दोन्ही बाजू हलतात आणि तुम्ही स्वतःलाच फसवता.

दोन्ही जेट बॉडीतल्या पुलाशी (जेट जिथे उघडतं त्या उंचवट्याशी) समतल आणा, मग दोन्ही नट १२ पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली. इंजिन सुरू करून दोन्ही आयडल स्क्रू सारखे फिरवत ७०० ते ८०० आरपीएमवर या. नळी आधी एका तोंडाशी, मग दुसऱ्या तोंडाशी, दर वेळी त्याच जागी आणि त्याच अंतरावर धरा. आवाजाची पट्टी जुळेपर्यंत स्क्रू थोडे थोडे फिरवा. हवा मोजायचं मीटर असेल तर उत्तमच.

> सावधान: तीन-चार मिनिटांहून जास्त वेळ आयडलवर गेला की प्लग ओले होतात आणि सगळी लक्षणं खोटी दिसतात. मधूनमधून ३० सेकंद २५०० आरपीएमवर रेस करून इंजिन मोकळं करा.

## ७. मिक्स्चर

आता, आणि आताच, ते नट. खाली म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), वर म्हणजे लीन (पेट्रोल कमी). एका वेळी एक पैलू, आणि प्रत्येक पैलू वहीत.

एका कार्ब्युरेटरची लिफ्टिंग पिन दाबून पिस्टन जेमतेम ०.८ मि.मी. उचला. आरपीएम क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर मिक्स्चर बरोबर. वाढून वाढलेलंच राहिलं तर रिच. लगेच पडलं किंवा इंजिन बंद व्हायला आलं तर लीन. पिस्टन जास्त उचलला तर कुठलंही इंजिन बंद पडेल, आणि त्यातून काहीच कळणार नाही.

नट वर नेताना जेट बोटाने वर दाबून नटाला टेकवा. नुसता नट वर जातो, जेट चिकटून खालीच राहतं, आणि माणूस पैलूंवर पैलू फिरवत बसतो. चोक पूर्ण आत आहे ना तेही पाहा.

मिक्स्चर सुधारलं की आयडल चढतं. ते दोन्ही स्क्रूंनी सारखं खाली आणा, हवा पुन्हा ऐका, मिक्स्चर पुन्हा तपासा. दोन-तीन फेऱ्या होतातच.

## ८. जोडणी आणि शेवटची चाचणी

क्लॅम्प आवळताना लिंकची पिन आणि फोर्कची खालची कड यांच्यात १२ थाऊची पट्टी ठेवा. ती गॅप नसेल तर आयडलला एक थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. चोक आत असताना फास्ट आयडल स्क्रू आणि कॅम यांच्यात १५ थाऊ.

एअर फिल्टर बसवताना गॅस्केट नीट पाहा. कार्ब्युरेटरच्या फ्लँजवर बारीक भोकं असतात, पिस्टनच्या खालच्या बाजूला हवा तिथून मिळते. गॅस्केट उलटं लागलं की ती झाकली जातात आणि पिस्टन नीट वर उठत नाही. आयडल उत्तम, पण हायवेवर गाडी दमलेली. सगळं ट्यूनिंग नेमकं करून या एका गॅस्केटपायी पुन्हा मिक्स्चरकडे वळलेले लोक मला माहीत आहेत.

दहा मैल चालवा, चढ असलेल्या रस्त्याने. परत येऊन प्लग पाहा. चारही एका रंगाचे, करडे-तपकिरी. आजच्या पेट्रोलवर रंग फिका येतो, त्यामुळे रंगापेक्षा चौघांतला सारखेपणा मोलाचा.

नव्या पॉइंटची टाच पहिल्या काहीशे मैलांत घासून बसते, गॅप कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. ५०० मैलांनंतर पॉइंट पुन्हा मोजा, आणि ते हलवले तर टायमिंगही पुन्हा लावा. कार्ब्युरेटरला तेव्हा हात लावायचं कारण नाही.